कच्च्या रंगाचं लुगडं

परातीतलं पाणी लाल होतंय, हे सगळ्यांत आधी भागीरथेनं पाहिलं.

विहिणीचे पाय धुवायचा मान शोभाताईंचा. गोपिकेची आई म्हणून त्या पाटावर बसून तांब्यानं पाणी घालत होत्या, मान खाली, डोळे भरून आलेले. त्यांची धाकटी जाऊ भागीरथा टॉवेल घेऊन बाजूला उभी होती. समोर खुर्चीवर नवरदेवाची आई, भीमाबाई. कामठीला त्यांच्या घरचे माग होते, समाजात त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि आज त्यांनी मुद्दाम साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, मिळालेलं डाळिंबी लुगडं नेसलं होतं. मुलीकडच्यांनी घरच्या मागावर विणून दिलेलं लुगडं लग्नात नेसायचं, म्हणजे चार लोकांत मुलीकडच्यांना मोठेपणा द्यायचा. तेवढा मोठेपणा भीमाबाईंजवळ होता. शोभाताईंचा हात जरा जास्त वाकला, पाणी लुगड्याच्या काठावरून वाहिलं आणि परातीत कुंकू कालवल्यासारखा एक ओघळ उतरला.

भागीरथेला आधी वाटलं, पायाचा आळता असेल. पण आळता इतका वाहत नाही.

"थांबा बाई," ती हळूच म्हणाली. बायांच्या गाण्यात ते कुणाला ऐकूही गेलं नाही. शोभाताईंनी दुसरा तांब्या ओतला. भीमाबाईंनी पाय उचलून खालच्या पांढऱ्या चादरीवर ठेवला आणि चादरीवर पावलाचा लालभडक ठसा उमटला. तेव्हा पुढच्या बाईचं गाणं थांबलं, मग तिच्या मागचीचं. मांडवात एकदम इतकं शांत झालं की बाहेर ओट्यावर पत्रावळी मोजणाऱ्या पोरांचा आवाज ऐकू यायला लागला.

भीमाबाई वाकल्या. लुगड्याचा ओला काठ मुठीत धरून त्यांनी पिळला, तळहात उघडून बघितला आणि तो तसाच सगळ्यांना दिसेल असा धरला.

"कच्चा रंग," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "विणकराच्या घरून विणकराच्याच घरी कच्च्या रंगाचं लुगडं आलं, असं बाप्पा मी तं कधी पाह्यलं नाही. लोकाले माईत नसते, आमाले तं माईत हाय ना रंग कसा पक्का करतात ते! तरी दिलं."

"इहीनबाई, अशा उठू नका," शोभाताई पाटावरून उठता उठता म्हणाल्या. पण भीमाबाई उठल्याच. चादरीवर लाल पावलं उमटवत त्या मांडवाबाहेर पडल्या, त्यांच्या मागे कामठीच्या साऱ्या बाया. वऱ्हाड गल्लीच्या टोकाला शाळेत उतरलं होतं. तो जानोसा. तिथपर्यंत ती रांग गेली आणि दार लोटल्याचा आवाज इथं ऐकू आला.

गोरजाच्या मुहूर्ताला अजून अवकाश होता. आतल्या खोलीत गोपिका नटून बसली होती आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

---

मागाच्या खोलीत सगळे गोळा झाले. लग्नासाठी माग एका बाजूला सरकवून त्यावर गाद्या रचल्या होत्या. वामनरावांनी दार आतून लावलं. गोपिकेचे वडील आणि घरातले वडीलधारे तेच. फेटा अजून डोक्यावर होता, पण एका कानावर उतरलेला.

"रंगवलं कोणं ते सूत? चंद्रभाननं ना?"

चंद्रभान हा घरचा जुना रंगारी. या घरच्या मागावर चढणारं सूत त्याच्याच हातून रंगून यायचं. या लुगड्याचं सूत मात्र त्याच्याकडे गेलं नव्हतं, आणि हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. वामनरावांना सोडून.

"म्या रंगवलं, मोठेबाबा," पुष्पलता म्हणाली.

ती गाद्यांच्या आडोशाला उभी होती. भागीरथेची अठरा वर्षांची पोर, हातात गोपिकेच्या वेणीसाठी आणलेला गजरा तसाच. चुलतबहिणीच्या सासूचं लुगडं मीच करणार, रंगवण्यापासून विणण्यापर्यंत, असा तिनं होळीपासून हट्ट धरला होता. गिरिधर, तिचे वडील आणि वामनरावांचे धाकटे भाऊ, मिलमध्ये पाळीवर जायचे. घरचा माग रिकामाच होता. त्यांना लेकीचं कौतुक वाटलं. शोभाताईंनाही वाटलं. "लेक असावी तं अशी," असं त्यांनी शेजारणीजवळ सांगितलंही होतं.

वामनरावांनी तिच्याकडे बघितलं, मग एक सुस्कारा सोडला. राग नव्हता त्यात. पुतण्या-पुतणींवर रागवायचं त्यांना कधी जमलंच नाही.

"बरं. झालं ते झालं. आता ऐका सगळे. मी जातो जानोशात. सांगतो, की चंद्रभाननं रंगवलं, म्हातारा झाला, हात चुकला. चंद्रभानले मी समजावतो. तो नाही नाही म्हणणार मले. त्याले चार शब्द इहीनबाईसमोर बोलतो, तो ऐकून घेते, मामला खतम."

"चंद्रभानचं नाव खराब काहून करता?" गिरिधर म्हणाले. "कामठीतबी सूत जाते त्याच्या हातचं. मी सांगतो का मी रंगवलं. मी मिलवाला झालो, हात सुटला माहा. माह्यावर हसतीन, हसू दे."

"तूबी चालशीन," वामनराव म्हणाले. "चल मंग."

"लवकर जा पण," शोभाताई म्हणाल्या. त्यांना कोण काय सांगतो याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना मुहूर्त दिसत होता आणि आत बसलेली लेक.

भागीरथा दाराला पाठ लावून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर चैत्रातली एक दुपार आली. अंगणात दोरीवर सुताच्या लडी वाळत होत्या. रंग बसल्यावर सूत साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढायचं आणि मग धुवायचं, पाणी पांढरं निघेपर्यंत धुवत राहायचं, हे माहेरी तिच्या आजीनं तिच्याकडून करवून घेतलं होतं. नळाला पाणी कमी येत होतं. पुष्पा कंटाळलेली होती, घामाघूम. भागीरथा म्हणाली होती, "अजून एक पाणी काढ वं." पोरगी म्हणाली होती, "निघालं वं आई सगळं, तू पण ना!" आणि मग भागीरथेनं लडींखालच्या धुळीकडे बघितलं होतं. थेंब पडत होते तिथं माती गुलाबी झाली होती.

तिनं ते बघितलं आणि ती घरात निघून गेली.

का गेली, ते तिला नीट माहीत होतं. मनोहरमुळे गेली. तिचा थोरला मनोहर सव्वीस वर्षांचा होता आणि ओसरीवर बसून होता. शाळेत कॉपी करताना धरला गेला तेव्हा वामनराव हेडमास्तरांना भेटून आले. सायकलनं एका दूधवाल्याला पाडलं तेव्हा वामनराव त्याच्या घरी जाऊन आले. कन्हानच्या एका कारखान्यात चिकटला, तिथं फोरमन चारचौघांत बोलला म्हणून दुपारच्या जेवणालाच घरी आला, तेव्हा वामनराव म्हणाले, "नको जाऊ, दुसरी पाहू." दुसरी बघितली, तिसरीही. कुणी आवाज चढवला की मनोहर घरी. त्याचं अंतःकरण वाईट नव्हतं. पडल्यावर उठायची वेळच त्याच्यावर कधी कुणी येऊ दिली नव्हती, आणि त्या वेळी भागीरथा दीराचे आभार मानत राहिली होती. त्या चैत्रात लडींखालची माती बघून तिला वाटलं, हिला तरी आपल्या डोळ्यांनी बघू दे. विणताना बोटं लाल होतील, तिचं तिला कळेल, ती परत धुवेल.

पुष्पानं परत धुतलं नाही. विणताना बोटांबद्दल ती काही बोलली नाही, आणि भागीरथेनंही विचारलं नाही. आणि साक्षगंधाच्या गडबडीत लुगड्याची घडी होऊन कामठीला गेली.

"अवो, थांबा," भागीरथा म्हणाली. गिरिधर थांबले. "तुमी नका सांगू. भाऊजी, तुमीबी नका. पुष्पा सांगन."

वामनरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"ही? त्या बाईसमोर? भागीरथा, ती बाई खाऊन टाकीन पोरीले."

"खाऊ द्या."

"अवं, पण लगन माह्या पोरीचं होय!" शोभाताई ओरडल्या. "तिथं काही कमीजास्त बोलली ही, अन् ते लोक वापस गेले तं? मी काय करू मंग?"

शोभाताई खोटं काही बोलत नव्हत्या. भागीरथेनं लेकीकडे बघितलं. पुष्पाचे ओठ पांढरे पडले होते.

"मोठेबाबा म्हणून राहिले तसंच करू ना, आई," पुष्पा म्हणाली. "मले नाही जमणार. मंग सांगीन मी चंद्रभानकाकाले, माफी मांगीन त्याची."

"हे पाय, पोरगीच म्हणते," वामनराव म्हणाले आणि त्यांनी कडीला हात घातला.

दार उघडलं तर बाहेर मनोहर उभा. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. लग्नाचे नवे कपडे त्याच्या अंगावर होते आणि हातात पाण्याचा जग, पाहुण्यांना पाणी द्यायचं काम त्याच्याकडे होतं. तो कधी घरच्या गोष्टींत बोलायचा नाही. आताही तो मोठ्यांशी बोललाच नाही. बहिणीकडे बघत म्हणाला, "पुष्पे, जाऊन ये."

"मले भेव वाटते, दादा."

"वाटते ना. मले माईत हाय." त्यानं जग खाली ठेवला. "आज मोठेबाबा जातीन. बरं वाटन तुले, लय हलकं वाटन. मंग दुसऱ्या खेपेले तू आपोआप मांग उभी राहशीन, अन् तिसऱ्या खेपेले माह्याजवळ ओसरीत येऊन बसशीन. जागा हाय तिथं." तो हसला, पण ते हसू बघवेना. "तू नको येऊ तिथं."

वामनरावांचा हात कडीवरच राहिला. त्यांनी मनोहरकडे बघितलं आणि पुन्हा कुणाकडेच बघितलं नाही. एवढी वर्षं आपण या पोराचं भलं करत आलो असंच ते धरून चालले होते. भागीरथेला त्या क्षणी दीराची फार दया आली.

पुष्पानं हातातला गजरा शोभाताईंच्या हातात दिला. "मोठीआई, ताईच्या वेणीत घाला," म्हणाली, आणि भावाच्या बाजूनं बाहेर पडली.

---

भागीरथा तिच्या मागोमाग गेली, पण अंतर ठेवून. शाळेच्या पायऱ्यांपाशी ती थांबली. वर्गाचं दार अर्धवट उघडं होतं. आत कामठीच्या बाया सतरंज्यांवर बसल्या होत्या, कुणी हातपंख्यानं वारा घेत होतं. भीमाबाईंनी लुगडं बदललं होतं. आता अंगावर घरून आणलेलं साधं हिरवं होतं. डाळिंबी लुगडं खिडकीत बोळा करून पडलेलं. कुणीतरी बादलीत पाणी घेऊन त्यांचे पाय घासत होतं आणि रंग काही सुटत नव्हता.

"कोण वं तू?"

"मी गोपिकाताईची चुलतबहीण. पुष्पलता." पोरीचा आवाज भागीरथेला ओळखू येईना, इतका बारीक झाला होता. "ते लुगडं म्या केलं. सूतबी म्याच रंगवलं. चंद्रभानकाकानं नाही, अन् मोठ्याबाबानं नाही. माही चूक झाली."

बायांत कुजबुज झाली. भीमाबाईंनी पाय घासणाऱ्या बाईला हातानंच थांबवलं.

"कोणं पाठवलं तुले?"

"कोणंच नाही. म्हणजे… ते नको जाऊ म्हणून राहिले होते."

"साबणाच्या पाण्यातून काढलं होतं?"

"काढलं. पण मंग पाणी कमी होतं नळाले, अन् मी कंटाळली. धुतलं नाही बरोबर. आई म्हणाली होती अजून एक पाणी काढ. म्या नाही काढलं."

"अन् विणताना? बोटं नाही रंगली?"

पुष्पानं आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाली, "रंगली. मले दिसलं. म्या मनात म्हटलं, काही नाही होत."

हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. पायऱ्यांवर उभी भागीरथा एक पायरी वर आली. म्हणजे पोरीलाही दिसलं होतं. दोघींनीही बघितलं होतं आणि दोघीही आपापल्या कारणानं गप्प बसल्या होत्या.

"मंग तुही आई कुठी हाय? पोरीले एकटीले पाठवून दिलं इथं?"

"दाराबाहेर उभी हाय," पुष्पा म्हणाली. तिनं मागं वळूनही बघितलं नव्हतं.

दोन-तीन बाया हसल्या. भीमाबाई हसल्या नाहीत. "या, आत या," त्यांनी हाक मारली. भागीरथा डोक्यावरचा पदर सारखा करत आत गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की शोभाताईही मागून आल्या आहेत, धापा टाकत, हातात कपाटातलं कोरं लुगडं घेऊन.

"तुमीबी विणकराच्याच घरच्या ना?" भीमाबाईंनी भागीरथेला विचारलं.

"हो. पौनीचं माहेर माह्यं."

"मंग हे सूत तुमी पाह्यलं होतं का नाही?"

नाही म्हणणं सोपं होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. शोभाताई शेजारी उभ्या होत्या आणि घरात पुढची कित्येक वर्षं काढायची होती. पण पोरगी आत्ताच बोलून गेली होती. तिच्यासमोर आता वेगळं बोलायला तोंड उघडेना.

"पाह्यलं होतं," भागीरथा म्हणाली. "रंग निघून राहिला होता, ते दिसलं मले. एकदा सांगतलं, मंग नाही सांगतलं. वाटलं, तिचं तिले समजन."

शोभाताईंनी तिच्याकडे बघितलं. ती नजर भागीरथेनं अंगावर घेतली.

भीमाबाईंनी आपले लाल पाय बादलीपासून बाजूला घेतले. मग म्हणाल्या, "लगन लागन. गोपिकेचा काही दोष नाही त्याच्यात, अन् पोरगी मले पसंत हाय. पण हे आणलं ते लुगडं वापस ठेवा, शोभाताई. मले दुकानातलं नको." त्यांनी पुष्पाकडे बोट केलं. "हिच्या हातचं पाह्यजे. हेच, याच रंगाचं. अन् हिनंच घेऊन यायचं कामठीले, एकटीनं. आईले दाराबाहेर उभं नको करजो."

मुहूर्तावर अक्षता पडल्या. पंगतीत भीमाबाई हिरव्या लुगड्यात बसल्या आणि त्यांच्या घोट्यांचा लाल रंग येणारा-जाणारा प्रत्येक जण बघत होता. पंगतीत वाढताना पुष्पाला त्यांच्या समोरून दोनदा जावं लागलं. ती गेली.

---

गोपिकेची पाठवणी झाली आणि रात्री उशिरा शोभाताई स्वयंपाकघरात आल्या. भागीरथा खरकटी पातेली एकात एक रचत होती.

"एक विचारतो तुले," शोभाताई म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. "तुह्या पोरीले शिकवाले माह्याच पोरीचं लगन सापडलं काय?"

भागीरथेनं पातेलं खाली ठेवलं.

"शिकव ना. तुही पोरगी, तुले जसं वाटन तसं शिकव. मनोहरचं काय झालं ते मलेबी दिसते, मी काही आंधळी नाही. पण ते लुगडं घरात नव्हतं ना राहणार, भागीरथा. ते लोकाच्या घरी जाणार होतं. माह्या पोरीच्या सासूच्या अंगावर. तुले तिथं तोंड उघडता नाही आलं?"

"चुकलं माह्यं, बाई."

"हो. चुकलं," शोभाताई म्हणाल्या. एरवी त्या म्हणाल्या असत्या, जाऊ दे. आज म्हणाल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले आणि गेल्या.

ते दिवस वाईट गेले. दोन्ही चुली एकाच अंगणात होत्या, पण शोभाताई कामापुरतं बोलायच्या. वामनराव तर मनोहरला टाळायचे. तो ओसरीवर असला की ते मागच्या दारानं बाहेर पडायचे. पुष्पाही आईशी बोलत नव्हती. जानोशात ऐकलेलं आईचं ते 'पाह्यलं होतं' तिच्या मनातून जात नसावं. भागीरथा कामं करता करता स्वतःशीच वाद घालायची. पोराला पडू द्यायचं म्हणजे किती पडू द्यायचं? त्याच्या पडण्यानं दुसऱ्याला लागणार असेल तर? आपण गप्प बसलो ते खरंच तिच्या भल्यासाठी, की "तू पण ना" हे शब्द मनाला लागले म्हणून? थोडं तेही होतं. ते कबूल करताना तिला स्वतःचीच लाज वाटली, पण कबूल केल्यावर जरा बरंही वाटलं.

आषाढात पुष्पानं चूल पेटवली आणि सुताच्या नव्या लडी रंगात टाकल्या. पहिल्या वेळी रंग ठिकठिकाणी फिका बसला. ती लडी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली. भागीरथेला कारण दिसत होतं. पण हे फिकं सूत इतक्यात कुणाच्या घरी जाणार नव्हतं, घरातच होतं, आणि वेळही होता. ती तांदूळ निवडत राहिली. संध्याकाळी पुष्पा चपला घालून चंद्रभानकडे गेली. काय बोलणं झालं कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशीपासून म्हातारा रोज तिच्याशेजारी येऊन बसायला लागला. हात मात्र लावायचा नाही. चहा प्यायचा आणि मिलवाल्यांना शिव्या द्यायचा. दुसऱ्या खेपेचं सूत तिनं पावसाच्या पाण्यात धुतलं, मग विहिरीच्या, मग नळाच्या. शेजारणी हसायला लागल्या.

माग लागला तेव्हा ताणा, म्हणजे उभे धागे, लावायला मनोहर बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा धागा तुटला आणि पुष्पा त्याच्यावर खेकसली. भागीरथेला वाटलं, आता हा उठून ओसरीवर जाणार. तो उठलाच. ओसरीपर्यंत गेलाही. मग माठातलं पाणी पिऊन परत आला आणि धागा जोडायला बसला. बाजूच्या दारातून वामनराव ते बघत होते. त्या दिवशी ते पुढच्या दारानं बाहेर गेले आणि जाता जाता मनोहरला म्हणाले, "बराबर जमून राहिलं गा."

श्रावणात पुष्पा एकटी बसनं कामठीला गेली.

ती येईपर्यंत भागीरथेनं अंगण दोनदा झाडलं. ऊन कलायला लागलं तशा शोभाताईही आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग अंगण ओलांडून आल्या आणि भागीरथेजवळ ओट्यावर बसल्या. दोघी गल्लीच्या तोंडाकडे बघत राहिल्या. पुष्पा वळणावर दिसली तेव्हा दोघी एकदमच उठल्या.

"गोपिका कशी हाय माही?" शोभाताईंनी आधी तेच विचारलं.

"मस्त हाय, मोठीआई. जाडी झाली. सणाले येतो म्हणते." पुष्पा ओट्यावर टेकली आणि तिनं चपला काढल्या.

"अन् इहीनबाई?"

"त्यायनं काय केलं, आजूबाजूच्या साऱ्या बाया बोलावल्या. मंग बादली आणली अन् माह्यासमोर अख्खं लुगडं बादलीत बुडवलं. अन् मले म्हणतात, बस, जेवून घे. मी काय जेवणार? बादली समोर. घास नाही उतरला." तिच्या चेहऱ्यावर ती दुपार अजून होती. "जेवण झालं, चहा झाला, तरी काढूनच नाही राहिल्या त्या. मंग शेवटी काढलं, पिळलं, अन् पाणी अंगणात ओतलं."

"मंग?" दोघींनी विचारलं.

"पाणीच होतं. नुसतं पाणी." पुष्पा हसली. "काहीच नाही बोलल्या. वाळत टाकलं, अन् निघताना मले म्हणाल्या, पुढच्या खेपेले जांभळ्या रंगाचं आणजो."

शोभाताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि गोपिकेची बातमी नवऱ्याला सांगायला त्या घाईनं आपल्या घरात गेल्या. जाताना वळून भागीरथेला म्हणाल्या, "पोरीले काही खायाले दे. उपाशी हाय ती."

भागीरथेनं भाकर आणि तिखट पिठलं आणून समोर ठेवलं. पुष्पा जेवत होती आणि ती बघत होती. अर्धी भाकर झाल्यावर पोरगी वर न बघता म्हणाली, "आई, तुले दिसलं होतं, तं मले दुसऱ्यांदा काहून नाही सांगतलं?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच विचारला होता. भागीरथेनं या प्रश्नाची बरीच उत्तरं तयार ठेवली होती. त्यातलं एकही तिनं दिलं नाही.

"सांगाले पाह्यजे होतं," ती म्हणाली. "शोभाताईसाठी तरी सांगाले पाह्यजे होतं."

"अन् माह्यासाठी?"

"तुह्यासाठी… मले अजून समजलं नाही."

पुष्पानं पिठल्यात भाकर बुडवली. विचार करत करत खाल्ली. मग म्हणाली, "तू असं करत जाय. एकदा सांगत जाय. अन् मी नाही ऐकलं, तं अजून एकदा सांगत जाय."

"अन् त्याच्यानंतरबी नाही ऐकलं तं?"

"तं मंग," पुष्पा हात धुवायला उठली, "मी जाईन ना कामठीले."